काळा पट्टा निदान दिसायचा : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

१९४५ साली युद्ध हरल्यावर जपानमधल्या शाळकरी मुलांना एक विचित्र काम करावं लागलं. गुरुजी पान आणि ओळ सांगत, आणि मुलं शाईत कुंचला बुडवून आपल्याच पुस्तकातला तेवढा मजकूर काळा करीत. कालपर्यंत जो घोकून घेतला होता, तोच मजकूर. मी इतिहास शिकवतो, म्हणून हा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात नामुष्की होती, गोंधळ होता. पण काळा पट्टा दिसत होता. इथे काहीतरी होतं आणि ते झाकलंय, एवढं तरी मुलाला कळत होतं.

आपल्या खात्याकडून येणाऱ्या नव्या आवृत्तीत पट्टा नसतो. एक प्रकरण जातं, दुसरं आक्रसून दोन परिच्छेदांवर येतं, एखाद्या नावामागचं विशेषण बदलतं, आणि पानं पुन्हा सुबक जुळलेली असतात. थोरल्या भावाचं जुनं पुस्तक धाकटीच्या हाती लागलं, तरच फरक उघड होतो. मग ती मला विचारते, "सर, खरं कोणतं?"

पुस्तक बदलूच नये, असं मी म्हणत नाही. नवी कागदपत्रं सापडतात, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांच्या साक्षी पुढे येतात. बदल व्हायलाच हवा. तक्रार आहे ती गुपचूप बदलाची. स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याचं पतन झाल्यावर सोव्हिएत महाविश्वकोशाच्या वर्गणीदारांना नवी पानं धाडली गेली : त्याची नोंद कापून काढा, तिथे ही पानं चिकटवा. त्यांत बेरिंग समुद्राची माहिती होती. (वर्णक्रम मात्र सांभाळला होता!) त्याच देशावर १९८८ मध्ये शाळांतली इतिहासाची अंतिम परीक्षा रद्द करायची वेळ आली, कारण पुस्तकांतला इतिहासच विश्वासार्ह उरला नव्हता.

जपानचे इतिहासकार साबुरो इएनागा यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाला कात्री लावणाऱ्या शिक्षण मंत्रालयावर १९६५ मध्ये पहिला खटला भरला. ७३१ क्रमांकाच्या लष्करी तुकडीने जिवंत माणसांवर केलेल्या प्रयोगांचा उल्लेख काढायला लावणं बेकायदा होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला १९९७ उजाडलं. तोवर शाळेतल्या किती तुकड्या शिकून बाहेर पडल्या असतील?

माझी मागणी एका पानाची आहे. पुस्तकाच्या शेवटी छापा : मागच्या आवृत्तीतलं काय गाळलं, नवीन काय घातलं, कोणत्या पुराव्यावरून, आणि कोणत्या समितीने ठरवलं. जुन्या आवृत्त्याही खात्याच्या संकेतस्थळावर राहू द्या.

मुलं गोंधळतील, असं आपले अधिकारी सांगतील. फ्रान्स आणि जर्मनीने २००६ मध्ये इतिहासाचं सामायिक पाठ्यपुस्तक काढलं. दोन्हीकडच्या दृष्टीत कुठे फरक पडतो, तेही त्यात दिलं आहे. अशा पुस्तकाची मागणी २००३ मध्ये कुणी केली होती? दोन्ही देशांतल्या युवकांच्या संसदेने. म्हणजे मोठ्यांना ज्या गोंधळाची धास्ती वाटते, तो या युवकांनी मागून घेतला.

पुढची आवृत्ती छापखान्यात जाण्याआधी हे पान घालता येईल. तेही जमणार नसेल, तर गाळलेल्या पाठांची यादी निदान शिक्षकांना तरी पाठवा. धाकटीचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.

आपला,
एक इतिहास शिक्षक