प्राथमिक संख्याशास्त्राच्या सरावसंचातील चुकीच्या उत्तरांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय,

मी कळवा (ठाणे) येथे अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेतील विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते. आपला प्राथमिक संख्याशास्त्राचा सरावसंच मी संपूर्ण वर्गासाठी विकत घेतला. त्यातील मापन आणि टक्के-बदल या प्रकरणांची काही उत्तरे चुकीची आहेत, हे मी आपल्या ग्राहकसेवेला कळवले असता ‘पद्धतीनुसार उत्तर वेगळे येऊ शकते’ असे सांगण्यात आले. ते मला मान्य नाही, म्हणून हे लेखी पत्र.

सर्वांत गंभीर चूक ठाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या उदाहरणात आहे. जनगणनेनुसार २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८१,३१,८४९ होती आणि २०११ मध्ये ती १,१०,६०,१४८ झाली, म्हणजे २९,२८,२९९ ची भर पडली. वाढीची टक्केवारी काढताना ही भर सुरुवातीच्या, म्हणजे २००१ च्या संख्येने भागावी लागते आणि उत्तर ३६.०१ टक्के येते. आपण ती २०११ च्या संख्येने भागून २६.४८ टक्के छापले आहे. ही भर २०११ च्या लोकसंख्येच्या किती टक्के आहे, असे विचारले असते तर ते उत्तर बरोबर ठरले असते. परंतु प्रश्नात ‘दहा वर्षांत किती टक्के वाढ झाली’ असे स्पष्ट लिहिले आहे. त्याखालच्या प्रश्नात आजच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या आकड्याशी ताडून ‘घट’ काढायला लावली आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. ज्याचे मोजमाप घ्यायचे त्याची हद्दच बदलली असताना ही घट लोकसंख्येची नसून नकाशाची आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे होते.

तापमानाच्या उदाहरणात २० अंश सेल्सिअसवरून ४० अंशांवर जाणे म्हणजे ‘उष्णता १०० टक्के वाढली’ असे दिले आहे. हीच दोन तापमाने फॅरनहाइटमध्ये ६८ आणि १०४ होतात व वाढ सुमारे ५३ टक्के दिसते. केल्विनमध्ये तर ती सात टक्केही भरत नाही. सेल्सिअसचा शून्य पाण्याच्या गोठणबिंदूवर ठरवून घेतलेला आहे, तो उष्णतेचा अभाव दाखवत नाही, म्हणून त्या मापनश्रेणीत फरक सांगता येतो, पण पट किंवा टक्के सांगता येत नाहीत. मापनश्रेणींचे प्रकरण शिकवण्यामागचा हेतूच हा आहे, आणि नेमके तेच आपल्या संचात उलटे शिकवले गेले आहे.

रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजदराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, त्याला आपण ‘२.५ टक्के वाढ’ म्हटले आहे. ती २.५ टक्के-बिंदूंची, म्हणजे दोन टक्केवारींच्या सरळ वजाबाकीने येणारी, वाढ आहे. सुरुवातीच्या ४ शी तुलना केल्यास टक्क्यांत ती ६२.५ होते.

छापील उत्तर चुकीचे असू शकते, हे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पटवणे फार कठीण असते, आणि परीक्षेत गुण मात्र त्यांचेच जातात. म्हणून आपण सर्व खरेदीदारांना शुद्धिपत्र पाठवावे, पुढील छपाई दुरुस्तीनंतरच करावी आणि माझे संच बदलून द्यावेत अथवा पूर्ण रक्कम परत करावी. तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

कळावे,
आपली ग्राहक,
कळवा, ठाणे

सोबत: खरेदीच्या बिलाची व संबंधित पानांची छायाप्रत