प्राधान्यक्रम भरण्याआधी एक सकाळ ओपीडीत बसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नीट’चा निकाल लागला की घराघरांत एकच उतरंड लागते. एमबीबीएस नाही तर बीडीएस, तेही नाही तर बीएएमएस आणि तळाशी, ‘असू द्या, काहीतरी मेडिकलचं’ म्हणून बीपीटीएच, म्हणजे भौतिकोपचार (फिजिओथेरपी). सीईटी सेलच्या अर्जात ही पसंती भरायला दोन मिनिटेही लागत नाहीत. महाविद्यालय बघायला आलेले पालक वसतिगृह, बस, वर्गातला एसी आणि प्लेसमेंट एवढे विचारतात. या विद्यार्थ्याच्या हाताखालून किती रुग्ण जातात, हे क्वचितच कोणी विचारते. सगळा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नावर उभा आहे, म्हणून हे पत्र.

नाशिककरांनी त्यात लक्ष घालायला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या गावात आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठे सोडली तर राज्यातल्या फिजिओंच्या पदवीवर नाशिकचे नाव असते.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि त्यांच्या जोडीला व्यायामोपचार व विद्युतोपचार यांची मूलतत्त्वे. शेवटच्या वर्षी अस्थी-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-श्वसन आणि सामुदायिक भौतिकोपचार. कागदावर सगळीकडे हेच. फरक पडतो तो हाताच्या सवयीत. गोनिओमीटर ही साध्या प्लास्टिकची, दोन पट्ट्यांची कोनमापक पट्टी. तिने गुडघा मोजायचा तर मधला खिळा मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरच्या बाहेरच्या उंचवट्यावर येतो. स्थिर पट्टी खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे आणि हलती पट्टी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे जाते. वाचायला सोपे. पण पँटवरून मोजले तर उंचवटे सापडत नाहीत आणि अंदाजाने खिळा ठेवला की आकडा घसरतो. एकाच माणसाने नीट मोजले तरी साधारण ५ अंशांचा फरक पडतो. म्हणजे काल ९० होते, आज ९४ आले, म्हणून ‘सुधारणा’ लिहिणाऱ्याला मोजमाप कळलेलेच नाही. खांद्याचे तर विचारू नका. रुग्ण हात वर नेताना कमरेतून कलतो, खांदा कानाकडे उचलतो, आणि ८० अंशांचा हात १२० चा दिसतो. हे पकडायला डोळा लागतो, आणि तो शेदोनशे खांदे पाहिल्यावर येतो. वर्गमित्रांच्या निरोगी खांद्यांवर तो येत नाही.

आता मशीनबद्दल. लोकांच्या तोंडी फिजिओ म्हणजे ‘शेक’ आणि ‘करंट’. दुर्दैवाने काही विद्यार्थीही पदवी घेऊन तेवढेच घेऊन बाहेर पडतात. मशीन वाईट नाहीत, पण त्या आंधळेपणाने लावल्या की इजा होते किंवा काहीच होत नाही. शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी खोलवर शेक देणारी मशीन, २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते. तिच्या क्षेत्रात धातू असता कामा नये, म्हणून रुग्ण लाकडी खाटेवर किंवा खुर्चीवर हवा, दागिने व श्रवणयंत्र काढलेले हवे, आणि पेसमेकर असेल तर त्याला या मशीनपासून लांबच ठेवायचे. घामाचा थेंब राहिला तर तिथेच चटका बसतो, म्हणून मधे कोरडा टॉवेल. प्रयोगशाळेत डायथर्मीशेजारी लोखंडी पलंग दिसला तर तिथे काय शिकवले जाते ते न विचारताच कळते.

गरम पॅकचेही तसेच. टाकीतले पाणी ७० ते ७५ अंश सेल्सिअसचे असते, म्हणून पॅक टॉवेलच्या ६ ते ८ थरांत गुंडाळून १५-२० मिनिटे ठेवतात. मधुमेही रुग्णाची त्वचा बधिर असू शकते. त्याला आधी एका नळीत गरम आणि एका नळीत गार पाणी घेऊन, डोळे मिटायला सांगून विचारायचे, कुठली गरम? ही चाचणी दोन मिनिटांची, आणि ‘वेळ नाही’ म्हणून सर्रास गाळली जाते. मग फोड येतो. रुग्ण म्हणतो, ‘शेक जरा जास्त झाला.’ जास्त शेक हे त्याचे कारण नव्हे, चाचणी न करणे हे कारण.

अल्ट्रासाऊंडचे (तपासणीची सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींनी उपचार करणारे मशीन) प्रकरण याहून गमतीचे. १ मेगाहर्ट्झच्या लहरी खोल जातात, ३ मेगाहर्ट्झच्या वरवरच्या थरांत शोषल्या जातात. मधे जेल हवे, कारण हवेतून या लहरी पुढे सरकत नाहीत, आणि त्वचेवर धरायचे मशीनचे डोके सतत फिरते हवे. एका जागी धरून ठेवले तर हाडाच्या आवरणाला टोचते. पण डोक्यातला स्फटिक निकामी झाला तरी मशीनवरचा दिवा लागतो आणि वेळेची घंटाही वाजते. लहरी मात्र बाहेर येत नाहीत. जुनी युक्ती अशी की डोके वर करून त्यावर पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि मशीन सुरू करायचे. थेंब थरथरले, उडाले तर काहीतरी बाहेर पडते आहे. किती, ते मात्र यातून कळत नाही, त्यासाठी वर्षातून एकदा तरी मशीनचे मापन करून घ्यावे लागते. आपल्या महाविद्यालयाच्या मशीनचे ते शेवटचे कधी झाले हे विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे.

आणि एवढे करून वेदना थोडी कमी होते. काम व्हायचे ते व्यायामाने. गोठलेल्या खांद्याच्या (फ्रोझन शोल्डर) रुग्णाने दहा दिवस शेक घेतला आणि घरी काही केले नाही तर अकराव्या दिवशी खांदा होता तिथेच असतो. या आजारात आधी हात बाहेर वळणे जाते, मग बाजूने वर जाणे, मग पाठीमागे जाणे. वेणी घालता येत नाही, पाठीवरची हुके लागत नाहीत, ही तक्रार म्हणजे मोजायच्या हालचालींची यादीच असते. ती ऐकून कोणता ताण, किती सेकंद, दिवसातून किती वेळा आणि किती दुखेपर्यंत, हे ठरवणे म्हणजे भौतिकोपचार. ‘हा हात असा दहा वेळा करा’ हे त्यात बसत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर कोणी ‘गोळी घ्या’ एवढेच लिहून देत नाही.

गुडघा बदलल्यानंतरचे उदाहरण घ्या. दुखते म्हणून घरचे मायेने गुडघ्याखाली उशी ठेवतात. रुग्णाला बरे वाटते आणि गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडत जातो. उशी तिथून काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, ५ ते १० सेकंद धरायचा, सोडायचा. दहाचा एक फेरा, असे दिवसभरात अनेक फेरे. नुसता वाकण्याचा आकडा लिहून भागत नाही, सरळ किती होतो तोही रोज लिहावा लागतो, कारण १० अंश वाकलेला राहिलेला गुडघा आयुष्यभर लंगडवतो. जिना चढायला-उतरायला गुडघा ९० च्या आसपास वाकला तरी भागते, पण उकिडवे बसायला साधारण १३० च्या पुढे जावा लागतो. देवघरापुढे मांडी घालणारा, शेतात उकिडवा बसणारा रुग्ण परदेशी पुस्तकातल्या आकड्यावर समाधान मानणार नाही. त्याला काय शक्य आहे आणि काय नाही, हे स्पष्ट सांगणे हाही शिक्षणाचाच भाग.

यातूनच भाषेचा मुद्दा येतो, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थी शिकतो इंग्रजीत, रुग्ण बोलतो मराठीत. मराठीत ‘पाय’ म्हणजे खुब्यापासून बोटांपर्यंत सगळे, आणि ‘हात’ म्हणजे खांद्यापासून नखांपर्यंत. रुग्ण ‘पाय दुखतो’ म्हणाला आणि विद्यार्थ्याने इंग्रजीत पावलाचे दुखणे लिहिले, की कमरेतल्या नसेचे दुखणे टाचेवरच्या शेकात संपते. ‘कंबर’ म्हणून बाई हात ठेवते तो कधी मणक्यावर, कधी कुल्ह्यावर, म्हणून विचारून थांबू नये, ‘एका बोटाने दाखवा’ म्हणावे. ‘कळ’ पायातून खाली धावत जाते, ‘ठणका’ एका जागी रात्री जागवतो, ‘मुंग्या’ येतात, ‘चमक’ निघते, ‘उसण’ भरते. निदानाच्या दृष्टीने यातला प्रत्येक शब्द वेगळ्या वाटेने नेतो, आणि विद्यार्थ्याच्या नोंदवहीत या सगळ्यांसमोर ‘पेन’ एवढेच असते. कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आलेला रुग्ण अहिराणीत बोलेल, सुरगाण्याचा कोकणा आदिवासींच्या बोलीत. विद्यार्थ्याने या बोली शिकाव्यात असे नव्हे, पण दुखण्याचे वीस-पंचवीस शब्द वहीत उतरवून घ्यायला काय हरकत आहे?

सूचनांचेही तेच. इंग्रजी वाक्याचे शब्दशः मराठी करून ‘तुमचे स्कॅप्युला मागे घ्या’ म्हटले तर समोरची आजी डोळे मोठे करून बघते. ‘खांदा कानाकडे नेऊ नका, पाठीवरची दोन पाती जवळ आणा’ म्हटले की लगेच करते.

सामुदायिक भौतिकोपचाराला तर जिल्ह्यात खाण आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत एप्रिलमधली खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी, मग विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे. या सगळ्या कामांत हात तासन् तास डोक्याच्या वर, मान मागे, आणि कात्रीची मूठ वारंवार आवळलेली. पेठ, सुरगाण्याहून येणारे मजूर हे काम अंगावर घेतात. लासलगाव पट्ट्यात कांदा लागवड करणाऱ्या बायका कमरेत वाकून दिवस काढतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दिवसभर उभे राहून एकच हालचाल. यांच्यापर्यंत विद्यार्थी पोहोचतात कसे? बहुतेकदा शिबिरातून : बॅनर, उद्घाटन, रक्तदाब, एक फोटो, दोन वाजता बस परत. त्याऐवजी एकाच बागेत छाटणीच्या आधी, मधे आणि नंतर असे तीनदा जाऊन वीस मजुरांचे खांदे मोजले, दर अर्ध्या तासाला हात खाली सोडून मिनिटभर विसावा घ्यायला सांगितले, उंची कमी पडते तिथे उभे राहायला लाकडी पाटाची सोय सुचवली आणि पुन्हा मोजले, तर तो विद्यार्थी चार शिबिरांपेक्षा जास्त शिकेल. बागाईतदारही ऐकतो. ऐन हंगामात मजूर दुखण्याने घरी बसणे त्यालाही परवडत नाही.

नियम याच बाजूचे आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३,६०० तासांचे शिक्षण बांधून दिले. त्याच कायद्याने नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात भौतिकोपचाराची साडेचार वर्षांची पदवी पाच वर्षांची झाली आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप पूर्ण वर्षाची. तास वाढले हे चांगलेच. पण तास मोजतो कोण? नोंदवही आदल्या रात्री मित्राची बघून भरली तरी तास पुरे होतात. त्याच वर्षी सप्टेंबरात फिजिओने नावाआधी ‘डॉ.’ लावायचे की नाही यावर देशभर रान पेटले, ‘लावू नका’ असे केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाचे पत्र निघाले, लगेच मागेही घेतले गेले. पाटीवरच्या एका अक्षरासाठी जेवढी शाई गेली, त्याच्या चतुर्थांश तरी नोंदवहीच्या खरेपणावर जायला हवी होती.

पालकांना एकच विनंती. प्राधान्यक्रम भरण्याआधी ज्या महाविद्यालयाचा विचार आहे त्याच्या ओपीडीत, परवानगी काढून, सकाळी दहा ते बारा बसा. किती रुग्ण येतात ते मोजा. विद्यार्थी रुग्णाला हात लावतो आहे की भिंतीला टेकून उभा आहे, ते बघा. कोनमापक पट्टी खिशातून निघते का, घरचा व्यायाम लिहून दिला जातो का, आणि रुग्ण तो करून दाखवतो का, हेही. जाताना सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीची जागा विचारा. तिला सरळ ३० मीटरचा मार्ग लागतो. आखूड व्हरांड्यात वळणे वाढतात, चाललेले अंतर कमी भरते आणि दम्याचा रुग्ण आहे त्यापेक्षा आजारी दिसतो. संलग्न रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे का आणि तिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुले जातात का, हेही विचारून घ्या. छातीचा भौतिकोपचार तिथेच शिकता येतो.

महाविद्यालयांनी एवढे करावे : रोजच्या ओपीडीतल्या रुग्णांची संख्या आणि प्रत्येक मशीनच्या शेवटच्या मापनाची तारीख दर्शनी फलकावर लावावी. खडू आणि फळा पुरतो.

आपले,
भौतिकोपचार विषयाचे काही अध्यापक,
नाशिक