नगरसेवकांच्या संख्येत न दिसणारं डावं राजकारण

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘मुंबईत डावे संपले’ असा सूर आपल्या दैनिकातल्या निवडणुकीवरच्या लेखात होता. मी लाल बावट्याची कार्यकर्ती आहे आणि गोवंडीत पाणी आणि रेशनच्या प्रश्नांवर बरीच वर्षं काम करते, म्हणून हे लिहिते आहे. आमची ताकद घटली, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण फक्त निवडून आलेली डोकी मोजली, तर या शहरात डाव्यांनी काय केलं आणि आजही काय चाललं आहे, त्यातलं बरंच नजरेतून सुटतं.

आमच्या वस्तीतल्या बाईला ३५ लिटरचा पाण्याचा कॅन वीस रुपयांना पडतो. म्हणजे हजार लिटरला पावणेसहाशे रुपये. गल्लीपलीकडे ज्याच्या नावावर नळ आहे, त्याला तेवढंच पाणी महापालिका त्याच्या काही टक्के भावात देते. मधला पैसा टँकरवाल्याकडे जातो. हे वर्षानुवर्षं चाललं, कारण ठरावीक तारखेनंतर बांधलेल्या झोपड्यांना पाणी द्यायचंच नाही, असं सरकारचं धोरण होतं. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही, तो राज्यघटनेच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क आहे. महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला त्यानंतर २०२२ साल उजाडलं.

पण धोरण आलं म्हणून नळ येत नाही. शेजारच्या घरांचा गट करायचा, त्यातल्या एकीला सेक्रेटरी करायचं, आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्स जमवायच्या, परवानाधारक प्लंबर गाठायचा, अर्ज द्यायचा आणि मग वॉर्ड ऑफिसच्या खेपा. जमीन केंद्र सरकारच्या मालकीची निघाली की ना हरकत दाखल्यापाशी सगळं अडतं. मजुरी बुडवून बायका पुन्हा पुन्हा येतात. ज्या बाईने कधी साहेबाच्या टेबलासमोर तोंड उघडलं नव्हतं, ती ‘अर्ज का नाकारला ते लेखी द्या’ असं म्हणते. माझ्या मते हे राजकारणच आहे, आणि डावंच आहे. याला ‘समाजसेवा’ म्हणून बाजूला काढू नये.

हे आम्ही नव्याने शोधलेलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत महापालिका संयुक्त महाराष्ट्र समितीच्या हाती आली आणि १९५८ मध्ये कम्युनिस्ट एस. एस. मिरजकर महापौर झाले. समाजवादी मृणालताई गोरे १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या आणि पुढे ‘पाणीवाली बाई’ म्हणूनच ओळखल्या गेल्या. मार्क्सवादी अहिल्याताई रांगणेकरांनीही नगरसेविका म्हणून अनेक वर्षं काढली. दोघींचे पक्ष वेगळे, भांडणं जुनी. तरी १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत त्या एकत्र आल्या आणि मुंबईच्या बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७७ मध्ये दोघीही मुंबईतून लोकसभेवर गेल्या. आधी नळ, रॉकेल, तेल, साखर, मग दिल्ली, असा तो क्रम होता.

तो क्रम आपण सोडला, हे माझं माझ्याच डाव्या साथींना सांगणं आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडलं आणि आपला पायाच गेला, हे मान्य. पण कामगार नाहीसा झालेला नाही. तो मानखुर्द-गोवंडीत राहतो, कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी आहे, घरकाम करतो, डिलिव्हरीच्या बाइकवर आहे. कारखान्याच्या गेटवर तो भेटत नाही, वस्तीत भेटतो. आणि आपण वॉर्डात दिसतो निवडणुकीला दोन महिने उरले की, तेही तीन डावे पक्ष तीन उमेदवार घेऊन.

मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं मुंबईला नगरसेवकच नव्हते. २०२५-२६ चा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडला आणि सरकारने नेमलेल्या प्रशासकानेच मंजूर केला. ना स्थायी समिती, ना सभागृह. या काळात आमच्या भागातले लोक कोणाकडे जात होते, हे लेखकाने येऊन विचारावं. बिनपदाच्या कार्यकर्त्यांकडेच जात होते.

माझी मागणी साधी आहे. मतदारांना आपल्या भागाच्या कामांवर थेट बोलता यावं, म्हणून क्षेत्रसभांची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये झाली आहे. प्रत्येक नगरसेवकाने, पक्ष कोणताही असो, त्या घ्यायला सुरुवात करावी. डाव्या पक्षांनी त्यासाठी आत्तापासून एकत्र सह्या गोळा कराव्यात. आमच्या वस्तीत आम्ही त्या कामाला लागलो आहोत.

आपली,
एक कार्यकर्ती, गोवंडी, मुंबई