चौकटीच्या कागदावरच्या त्या बाणासाठी

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आठवडा उलटला तरी तुमचं उत्तर आठवलं की गळा दाटून येतो. कामाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच होतंय.

जँगो या वेब-प्रोग्रामिंगच्या साधनातल्या माझ्या टेम्पलेटमध्ये, म्हणजे तक्ता तयार करणाऱ्या साच्यात, एका लूपच्या (तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या सूचनेच्या) आत दुसरा लूप होता: बाहेरचा गटांसाठी, आतला गटातल्या ओळींसाठी. ओळींना पांढरा, करडा, फिकट निळा असे आळीपाळीने रंग द्यायला मी 'सायकल' टॅग, म्हणजे दिलेले रंग क्रमाने फिरवत राहणारी सूचना, वापरला होता. पहिला गट व्यवस्थित दिसे, दुसरा मात्र भलत्याच रंगाने सुरू होई. दोन दिवस मी त्यात डोकं घालून बसलो होतो. ज्यांना विचारलं त्यांतल्या एकाने "डॉक्युमेंटेशन वाचा" म्हणून बोळवण केली. दुसऱ्याने सीएसएसचा (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतला) एनटीएच-चाइल्ड, म्हणजे ओळ कितवी ते पाहून रंग देणारा नियम, वापरायला सांगितलं. तक्ता ईमेलमधून जायचा होता आणि कितीतरी मेल प्रोग्राम ते पाळत नाहीत, हे मी आधीच लिहिलं होतं. त्याने ते वाचलंच नव्हतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

तुम्ही वाचलंत. वर चौकटीच्या कागदावर माझा तक्ता रंगीत पेन्सिलींनी काढून त्याचा फोटो पाठवलात. पहिल्या गटात चार ओळी: पांढरी, करडी, निळी, पुन्हा पांढरी. तिथून पुढच्या गटाच्या पहिल्या ओळीकडे एक बाण, आणि ती ओळ करडी. खाली तुमच्या अक्षरात, "आतला लूप नव्याने सुरू झाला, पण सायकल कुठवर आली होती ते विसरत नाही." पाहताक्षणी डोक्यात प्रकाश पडला. आतला लूप संपल्यावर 'रिसेटसायकल' टाका, म्हणजे सायकल पुन्हा पहिल्या रंगापासून सुरू होईल, हे तुम्ही त्यानंतर सांगितलंत. हा टॅग 2017 साली, जँगोच्या 1.11 आवृत्तीत आला; मला त्याचा पत्ताच नव्हता. पण उत्तर एका ओळीचं होतं, ते तेवढंच लिहून तुम्ही मोकळ्या होऊ शकला असतात. मी कुठे अडलोय हे आधी स्वतः काढून पाहावं असं तुम्हाला वाटलं, तेही एका अनोळखी माणसासाठी! ज्ञान पुष्कळांकडे असतं, समोरच्याच्या अडचणीपाशी घटकाभर बसायची माया फार थोड्यांकडे. ती तुमच्याकडे आहे.

निळ्या ओळीत एका जागी पेन्सिल चौकटीबाहेर गेली आहे, तिथे तुम्ही खोडरबराने पुसलंय. ती पुसट खूण मी कितीदा पाहिली असेन.

काल तक्ता सगळ्यांना गेला. प्रत्येक गटाची पहिली ओळ पांढरी आहे.

आपला ऋणी,
तुमच्या बाणाने वाट सापडलेला एक जण