ॲडमिशन विम्यात बसते, बोलणं बसत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात पहिल्या पानावर आरोग्य विम्याची बातमी वाचली. महात्मा फुले योजना, आयुष्मान भारत, कुटुंबामागे वर्षाला 5 लाख, सगळं आलं. या विम्यात काय बसत नाही, त्याची एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. अपूर्णांकांची गणितं मनात सोडवून उत्तर तक्त्यावर नजरेने दाखवतो, पण जीभ साथ देत नाही आणि हात थरथरतात. तक्ता म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेली चित्रं. तो बघतो, आम्ही ओळखतो.

गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला तो रडत उठला. तक्ता नेमका शाळेत राहिला होता. मी एकेक अवयवाचं नाव घेऊन विचारत होते, पण वेदनेने त्याची मान स्थिर राहत नव्हती. पाय पोटाशी घेत होता, म्हणून पोटच असेल असं धरून आम्ही त्याला रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. सलाइन, सोनोग्राफी, दोन रात्री ॲडमिट. डॉक्टर मला विचारत होते, "नक्की कुठे दुखतंय?" मला काय ठाऊक? ज्याला ठाऊक होतं तो समोर पडला होता. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या थेरपिस्ट ताई तक्ता घेऊन आल्या. त्याने सरळ कानाच्या चित्राकडे पाहिलं. तोवर उशीवर पू आला होता, कानाचा पडदा फाटला होता.

ते सगळं बिल विम्यात बसलं.

नंतर मी नजरेने चालणाऱ्या, आवाज देणाऱ्या यंत्रासाठी एका सरकारी कार्यालयात गेले. किंमत लाखाच्या पुढे. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "ऐकू येतं ना त्याला? मग मशीन कशाला?" आणि तिसऱ्यांदा व्हीलचेअरचा फॉर्म पुढे सरकवला. व्हीलचेअर आमच्याकडे आहे हो!

या योजना ॲडमिशन आणि ऑपरेशन यांच्या पॅकेजवर चालतात. घरी, शाळेत रोज वापरायची वस्तू त्यात कुठे घालणार? ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानात ऑपरेशनने बसवायच्या यंत्राला, कॉक्लिअर इम्प्लांटला, केंद्राच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून मदत मिळते. ती मिळायलाच हवी. पण ज्या मुलाला ऐकू येतं आणि तोंडातून शब्द फुटत नाही, त्याची गरज वेगळी आहे, हे विमा ठरवणाऱ्यांच्या लक्षात कधी येणार? अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा 2001 पासून बोलणारी यंत्रं वैद्यकीय साधन म्हणून मंजूर करते. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही 'संवादा'च्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी मार्ग लिहिलेले आहेत. कायद्यात आहे ते पॅकेजच्या यादीत का येऊ नये?

कुणी म्हणेल, मोबाईलवर ॲप आहेत की. आहेत. आयआयटी मुंबईने केलेलं 'जेलो' मराठीतही बोलतं आणि फुकट आहे, त्यांचे आभारच मानते. पण ज्याचं बोट ठरल्या जागी टेकत नाही, त्याला नजर टिपणारा कॅमेरा लागतो, व्हीलचेअरला पक्का स्टँड लागतो आणि ते वापरायला शिकवणारं माणूस लागतं. या तिन्हींचा खर्च आज आईबापांच्या खिशातून होतो. ज्यांचा खिसा रिकामा, त्यांचं मूल गप्प राहतं.

आणखी एक. त्याच बातमीत तुमच्या प्रतिनिधीने बोलू न शकणाऱ्या सगळ्या मुलांना सरसकट 'मूकबधिर' लिहिलं आहे. माझा मुलगा बहिरा नाही. ती बातमी मी त्याला मोठ्याने वाचून दाखवत होते. त्या शब्दावर त्याने तक्त्यातल्या 'नाही'वर नजर रोखली आणि मी पुढचं वाक्य वाचेपर्यंत हलवली नाही. या शब्दाची दुरुस्ती छापावी, ही विनंती त्याचीही आहे.

आपली,
एक आई
कोपरी, ठाणे (पूर्व)
(मुलासाठी नाव छापू नये.)