शनिवारची एडेल सहल आणि मुक्काम

सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी मँचेस्टर पिकॅडिली स्टेशनहून पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातल्या एडेल गावी जायचे आहे. रेल्वेने साधारण पाऊण तास लागतो. तंबू आरक्षित कॅम्पसाइटवरच लावायचे. पीक डिस्ट्रिक्टमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय माळावर मुक्काम करता येत नाही.

माळावर शेगडी, बार्बेक्यू काहीही पेटवू नका, ही कळकळीची विनंती. तिथली पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) जमीन वाळली की आग आतल्या आत धुमसत राहते आणि विझवणे फार कठीण जाते. थालीपीठ, दशम्या, चटणी घरूनच आणा.

एडेलजवळच्या किंडर स्काउट डोंगराची उंची ६३६ मीटरच, पण माथ्यावर धुके झटकन उतरते. रेनकोट, पकड असलेले बूट आणि कागदी नकाशा हवाच. खुल्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड पट्ट्यानेच धरायचा. पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात. उघडलेले फाटक लगेच लावून घ्या, मेंढ्या बाहेर पडतात.