सिएरा आली, सफारी आली. सुमोचं नाव तरी जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या टाटा सिएराबद्दल आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. किंमत, इंजिनं, डॅशबोर्डवरचे स्क्रीन, सगळी माहिती त्यात होती. मागच्या काचेबद्दल मात्र एकच ओळ होती, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी चिंचवडचा. १९९१ साली टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, सिएरा काढली तेव्हा मी शाळेत होतो आणि दोन वर्षांनी काकांनी ती घेतली. तीन दारांची, पाठीवर स्टेपनी घेतलेली गाडी. मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागायचं आणि एकदा शिरलं की बाहेर यावंसं वाटायचं नाही. कारण ती काच! बाजूनं वर चढत जाऊन छताकडे वळलेली, अखंड. रविवारी गाडी पुसायचं काम माझ्याकडे असे. ओलं फडकं काचेवरून फिरवताना हात खालून वर सरळ न जाता आपोआप आत वळायचा, ते वळण आजही तळहाताला आठवतं. रात्री घाट उतरताना मागच्या सीटवर मान टेकली की डोक्यावर आभाळ दिसायचं. राजापूरजवळ आमच्या गावी पावसाळ्यात लाल चिखलाचा एक चढ आहे. तिथं काका फोर-बाय-फोर टाकायचे, म्हणजे चारही चाकांना ताकद द्यायचे, आणि गाडी घाई न करता वर जायची. टेल्कोलाईन या पिकअपच्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, उभी केलेली गाडी होती ती, तिला त्या चढाचं काय!

नोव्हेंबर २०२५ मध्ये सिएरा परत आली. मी जाऊन पाहिली. देखणी आहे, पाच दारं आहेत, मागं ऐसपैस जागा आहे. जुन्या काचेच्या जागी मात्र काळ्या चकचकीत पट्ट्या आहेत. लांबून सगळं अखंड काच वाटतं, जवळ गेलं की मधला पत्रा कळतो. २०२० च्या ऑटो एक्स्पोत टाटांनी नव्या सिएराची कल्पना मांडली होती तेव्हापासून मी वाट पाहत होतो. छतापर्यंत वळणारी काच आजच्या सुरक्षा नियमांत आणि पाच दारांच्या गाडीत बसवणं अवघड आणि महाग आहे, हे मला समजतं. पण बाजारात आलेल्या या गाडीला फोर-बाय-फोरही नव्हतं, ताकद फक्त पुढच्या चाकांना. काच गेली, चारही चाकांचा जोर गेला, मग सिएरातलं उरलं काय?

गाडी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माझं म्हणणं नावापुरतं आहे. जुनं नाव काढायचं असेल तर ते ज्या गुणासाठी लोकांच्या लक्षात राहिलं, तो एक तरी गुण गाडीत असायला हवा. नावाला जागायला हवं.

हे दुःख सिएरापेक्षा सफारीच्या बाबतीत मोठं आहे. १९९८ ची सफारी म्हणजे चासीवर बॉडी, मागच्या चाकांना ताकद, वर फोर-बाय-फोरचा पर्याय. पुढं सफारी स्टॉर्म आली, तिचीही बांधणी तशीच चासीवरची, आणि २०१७ मध्ये लष्करानं ३,१९२ स्टॉर्मची मागणी नोंदवली. २०१९ मध्ये ती बंद झाली. नंतर फेब्रुवारी २०२० मध्ये टाटांनी हॅरियरचा लांब, तीन रांगांचा अवतार दाखवला. त्याचं नाव होतं ग्रॅव्हिटास. वर्षभर सगळे त्याला ग्रॅव्हिटासच म्हणत होते. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ही सफारी. गाडी तीच राहिली, मागच्या दारावरची अक्षरं तेवढी बदलली. मोनोकॉक बांधणी, म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा; पुढच्या चाकांना ताकद, फोर-बाय-फोर नाही, पाठीवर स्टेपनी नाही.

यावर मित्र म्हणतात, लोकांना चासी कुठं कळते, त्यांना आराम हवा असतो. खरं आहे. नव्या सफारीचा पाया लँड रोव्हरच्या घरातून आला आहे, वळणावर ती जुनीपेक्षा किती तरी स्थिर असते आणि २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत तिला पाच तारे मिळाले. कुटुंबाला घेऊन मुंबई-गोवा रस्त्यानं जायचं असेल तर मी स्वतः नवीच निवडीन. पण याच कारणासाठी तिला ग्रॅव्हिटास राहू द्यायला काय हरकत होती? चांगली गाडी स्वतःचं नाव कमावते. नेक्सॉन २०१७ मध्ये आली तेव्हा त्या शब्दाला बाजारात काडीची किंमत नव्हती. पुढच्याच वर्षी तिनं एनकॅपचे पाच तारे मिळवले, असे तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. २०२१ ची पंचही तशीच. ही दोन्ही नावं आज पोराटोरांच्या तोंडी आहेत. नवं नाव रुजवायला कुणाचा आधार लागत नाही, हे टाटांनीच दोनदा सिद्ध केलं आहे.

नवं नाव शोधणं सोपं नसतं, हेही मान्य. झिका विषाणूच्या बातम्या आल्या आणि टाटांना ‘झिका’ गाडीचं नाव टियागो करावं लागलं. महिंद्रांच्या बीई ६ई वर इंडिगो या विमान कंपनीनं हरकत घेतली, कारण ‘६ई’ हा त्यांचा संकेत, आणि ती नुसती बीई ६ झाली. जुनं नाव आपल्याच मालकीचं असतं, लोकांच्या ओठांवर असतं, जाहिरातीचा खर्च वाचवतं. कंपनीला मोह होणारच.

पण हे नीट करणारेही आपल्याकडे आहेत. महिंद्रांनी २०२२ मध्ये नवी स्कॉर्पिओ काढली तेव्हा तिला स्कॉर्पिओ-एन म्हटलं आणि २००२ पासूनची जुनी ‘क्लासिक’ म्हणून चालू ठेवली. टोयोटानं मोनोकॉक इनोव्हा आणली, तिला हायक्रॉस म्हटलं आणि चासीवाली क्रिस्टा शेजारी ठेवली. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, फसगत कुणाची नाही. त्याच टोयोटानं २००५ मध्ये चांगली खपणारी क्वालिस बंद करून तिच्या जागी अगदी नवं नाव आणलं, ते इनोव्हा! तेव्हा लोकांनी वेड्यात काढलं होतं. स्कोडाचं उदाहरण तर आपल्याच राज्यातलं. शेंद्र्याच्या कारखान्यात पहिली ऑक्टाव्हिया बनत होती, म्हणून दुसऱ्या पिढीला त्यांनी इथं लॉरा म्हटलं. २०१३ मध्ये ऑक्टाव्हिया हे नाव पुन्हा आलं, तेव्हा त्याच वंशातल्या गाडीवर आलं.

महिंद्रांच्या बोलेरो निओकडे खरं तर मी सगळ्यात आधी बोट दाखवायला हवं, कारण तिथं नाव सरळसरळ उसनं आहे. २०१५ ची टीयूव्ही ३०० रंगरूप बदलून २०२१ मध्ये बोलेरो निओ झाली. तरी मला ते खटकत नाही. तिच्या पोटाखाली चासी आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणजे बोलेरो घेणाऱ्याला जे हवं असतं ते तिच्यात आहे.

उलट उदाहरण मारुतीचं. १९९३ ची झेन आठवते ना? बुटकी, हलकी, ९९३ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, स्टीअरिंगला हात लावताच वळणारी. ती बंद करून २००६ च्या अखेरीस झेन एस्टिलो आली, ती उंच डब्यासारखी, वॅगन-आरच्या कुळातली. झेनवाल्यांनी तिला आपलं मानलं नाही. २००९ मध्ये मारुतीनं ‘झेन’ हा शब्द काढून टाकला, उरली नुसती एस्टिलो. बलेनो आधी सेडान होती, २०१५ पासून हॅचबॅक झाली आणि २०१९ पासून टोयोटाचा बिल्ला लावून ग्लॅन्झा म्हणूनही विकली जाते. शोरूमला गेलेल्या माणसानं कशावर विश्वास ठेवायचा?

आता मला खरी काळजी आहे ती सुमोची. सिएरा आली, सफारी आली, मग आज ना उद्या कुणाच्या तरी मनात सुमो येणार. सुमो हा शब्द जपानी कुस्तीवरून घेतलेला नाही, हे आपल्या तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल. सुमंत मुळगावकर या नावाची आणि आडनावाची इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं घेऊन ते बनलं आहे. टेल्को उभी करणारा, पुण्याचा कारखाना घडवणारा हा इंजिनिअर माणूस १९८९ मध्ये गेला. पाच वर्षांनी, १९९४ मध्ये, कंपनीनं त्यांचं नाव एका गाडीला दिलं आणि तेही एखाद्या आलिशान मोटारीला न देता दहा माणसं कोंबून कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीला दिलं. पोलिसांनी ती वापरली, रुग्णवाहिका म्हणून ती धावली, लग्नाची वऱ्हाडं तिनं वाहिली. काश्मीरपासून मिझोरामपर्यंत आजही लोक ‘सुमो स्टँड’ म्हणतात, तिथं उभी गाडी कुठल्याही कंपनीची असो.

असं नाव उद्या शहरातल्या पार्किंगमध्ये मिरवायच्या एखाद्या पाच सीटच्या छोट्या एसयूव्हीला लागलं तर मला सहन होणार नाही. टाटा मोटर्सच्या लोकांपर्यंत हे पत्र पोचलं तर त्यांना माझी विनंती आहे. सुमो आणायची असेल तर चासीवर आणा, मागच्या चाकांना ताकद द्या, आठ-नऊ माणसं आणि टपावर सामान मावू द्या आणि तालुक्याच्या गॅरेजवाल्याला पाना घेऊन तिच्याखाली शिरता येऊ द्या. आज ही सगळी गिऱ्हाइकं बोलेरोकडे जातात, ती परत येतील. एवढं करायचं नसेल तर गाडीला दुसरं कुठलंही नाव द्या, पण सुमोला हात लावू नका.

आणि सिएराला फोर-बाय-फोर द्या. राजापूरचा तो चढ अजून तसाच आहे.

आपला नियमित वाचक,
चिंचवड, पुणे